या हप्त्यात काय आलं?

आत्याबाई, या आठवड्यात चार नवी कॉमिकं निघाली आहेत. त्यांची मुखपृष्ठं मोबाइलवर आली तेव्हा मी परसात भांडी घासत होते. हात पदराला पुसले आणि सवयीने मोबाइल घेऊन थेट ओसरीत आले, तुमच्या खाटेपाशी. खाट नव्हती. तेरवी झाल्यावर ह्यांनी ती धुऊन कांद्याच्या चाळीत नेऊन ठेवली आहे. रिकाम्या जागेपुढे मी मोबाइल धरून उभी, आणि हे हातात चहाचा कप घेऊन दारातून बघत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "मले दाखव." दाखवली. चारही चित्रं बघून म्हणाले, "चांगले हायेत." एवढंच. तुमच्या पोटी असा अरसिक मुलगा कसा जन्मला, हे कोडं काही तुम्ही सोडवून गेल्या नाहीत.

तर एक तुम्ही बघून गेल्या होत्या, बाकीची दाखवायची राहिली म्हणून आधी तीच दाखवते.

पहिलं विषकन्या विभावरीचं. जुनंच आहे, पण मोठ्या आकारात, गुळगुळीत कागदावर नव्याने छापलंय. आपल्याकडच्या प्रतीची शेवटची पानं वाळवीने खाल्लेली, त्यामुळे तुम्ही म्हणाल्या असत्या, "घे. शेवट तरी समजंन." तुमचा विभावरीवर राग होता. अंगावर एवढे दागिने घालून ही बाई नागीण होते आणि दाराच्या फटीतून आत जाते, तेव्हा दागिने कुठे ठेवते, हा तुमचा प्रश्न मी वर्षानुवर्षं ऐकला. मी म्हणायचे, जादूने जातात. तुम्ही म्हणायच्या, जादूनं सोनं सांभाळता येत असतं तर बायांनी कमरेला चाव्या कायले बांधल्या असत्या.

दुसरं हवालदार ढेरेचं. मुखपृष्ठावर ढेरे चोरामागे धावतोय आणि त्याचं तोंड एवढं उघडं की पडजीभ दिसावी. इथे तुमचा नियम लागू. मुखपृष्ठावरच्या माणसाचं तोंड उघडं असलं की आत काही नसतं, कारण जे होतं ते सगळं त्याने बाहेरच ओरडून टाकलेलं असतं. तरी तुम्ही ते घ्यायलाच लावलं असतं, मागच्या पानावरच्या 'फरक ओळखा'साठी. त्यात ते जेवढे फरक सांगत त्यापेक्षा जास्तच तुम्हाला सापडायचे. छापणाऱ्याची शाई जरा सरकली की तोही तुम्ही एक फरक धरायच्या, आणि उत्तरात तो नसला की उत्तर चुकलंय म्हणायच्या.

तिसरं ऐकून तुम्ही हसल्या असत्या. अमरावतीकडच्या पोरांनी मिळून पहिलंच कॉमिक काढलंय, 'जिनातलं भूत'. कापसाच्या जिनिंगमध्ये राहणारं भूत आहे आणि ते चक्क आपल्यासारखं बोलतं. मुखपृष्ठावरच ते रखवालदाराला म्हणतंय, "काऊन बे, झोपून राह्यला का?" तुम्ही काय म्हणाल्या असत्या हे मला तुमच्या आवाजासकट ऐकू आलं. "आपल्यावाणी बोलाचे पैसे भेटते का? मंग माह्ये किती झाले थे इचार त्याइले." मी ते मागवलंय. मला वाटतं हे चांगलं निघणार. भुताची नखं नीट काढली आहेत, आणि नखं नीट काढणारा चित्रकार आळशी नसतो, हेही तुमचंच.

चौथं ते, ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसले. बिजलीनाथचा शेवटचा भाग, 'राख का दरवाजा'. बाकीची तीन यायची आहेत. हे आलं, वाचून झालं, आणि काल बाजारात त्याचं काय झालं ते तुम्हाला सांगायचं आहे. पण एकदम तिथे उडी मारली तर तुम्हीच अडवाल. "मागचं काय झालतं थे सांग आधी. लोकं इसरतेत."

मागचं सांगते. लग्न होऊन साखरखेर्ड्याहून देऊळघाटला आले तेव्हा माझ्या पेटीत साड्यांखाली कॉमिकं होती. आईने रद्दीत काढलेली, मी लपवून आणलेली. नव्या सुनेने असलं काही वाचावं हे माहेरीच कुणाला पटलं नसतं, आणि सासर ते सासर. मी कांद्याच्या चाळीत पोत्यांच्या आड बसून वाचायचे. एका दुपारी मान वर केली तर समोर तुम्ही, हातात विळा. मी पुस्तक पदराखाली घेतलं. तुम्ही हात पुढे केला. दिलं. आता आईबापाचा उद्धार होणार, साखरखेर्डं मधे येणार, असं धरूनच मी बसले. तुम्ही उभ्या उभ्या पानं उलटली, एका पानावर थांबल्या, पुस्तक डोळ्यांपासून लांब धरलं आणि विचारलं,

"हा निळा कोण व्हय?"

सासूचं पहिलं वाक्य पुष्कळ जणींना जन्मभर पाठ असतं. माझं हे आहे.

तो निळा म्हणजे बिजलीनाथ. लहानपणी अंगावर वीज पडली, मेला नाही, उलट वीजच त्याच्या अंगात राहिली. आईबाप नाहीत. धरणाच्या भिंतीखाली चहाची टपरी चालवणाऱ्या कजरी नावाच्या म्हातारीने त्याला वाढवलं. हे सगळं मी भीत भीत सांगितलं. तुम्ही नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अन् त्याच्या हाती कप देताना तिले झटका नाही बसत का?" हे मला कधी सुचलं नव्हतं. लिहिणाऱ्यांनीही याचा विचार केलेला नव्हता. पुढे कितीतरी वर्षं आपण दोघी ते पुस्तकांत शोधत राहिलो, कजरी त्याला कप हातात देते की खाली ठेवते. ती नेहमी खाली ठेवायची. चित्रकाराला ठाऊक होतं, असा निकाल तुम्ही दिला आणि त्या चित्रकाराला मनातल्या मनात आपलं मानलं.

तुम्ही चौथी शिकलेल्या. पण चित्रांतल्या बोलण्याच्या फुग्यांतली बारीक हिंदी अक्षरं लावता लावता तुमचे डोळे दुखायचे. बाजाराच्या आदल्या दुपारी लिंबाखाली मेथीचा, पालकाचा आणि शहरातले कोथिंबीर म्हणतात त्या सांभाराचा ढीग पडलेला असायचा आणि आपण समोरासमोर जुड्या बांधायला बसायचो. तिथे एकदा तुम्ही माझ्या हातातला, जुडी बांधायचा केळीचा ओला सोप काढून घेतला. "तू वाच. तुह्या वाटच्या जुड्या मी बांधतो." मला वाटलं, आजच्या दिवसापुरतं असेल. ते तुम्ही शेवटपर्यंत चालवलं. दोघींचं काम तुमच्या हातांनी, आणि माझ्या हातात पुस्तक. शेजारच्या एकीने कुंपणावरून टोमणा मारला होता, सून वाचते अन् सासू राबते, कलियुग आलं म्हणून. तुम्ही मानही वर केली नाही. म्हणाल्या, "राबून नाही राह्यली बाई, ऐकून राह्यली."

मी तुम्हाला याबद्दल कधी काही म्हटलं नाही, आत्याबाई. सासूचे आभार मानायची रीत आपल्याकडे नाही, आणि मानले असते तर तुम्ही ताप आला का म्हणून कपाळाला हात लावून बघितला असता. आता लावू शकत नाही, म्हणून म्हणते. मला उभ्या संसारात वाचायला जो वेळ मिळाला तो तुम्ही तुमच्या हातांनी काढून दिला. माझ्या बहिणींना, मैत्रिणींना तो कुणी दिला नाही. मी फार नशीबवान निघाले, आणि हे मला तेव्हाही कळत होतं.

इथवर आपलं सगळं गोडीगुलाबीचं. भांडण पुढे आहे.

जुड्या बांधताना ऐकलेलं तुम्ही दुसऱ्या दिवशी बुलढाण्याच्या बाजारात नेऊन सांगायच्या. मी भाजीच्या दुकानावर बसायला यायला लागले तेव्हा हे मला कळलं. तुमच्या एका बाजूला मिरची-लसणाची गंगाबाई, दुसऱ्या बाजूला लिंबंवाली शकुंतला, आणि सकाळची गर्दी ओसरली की दोघी पोती सरकवून जवळ यायच्या. "या हप्त्यात काय आलं?" मग तुम्ही सांगायच्या. गिऱ्हाईक आलं की थांबायच्या, वांगी तोलायच्या, पैसे पदरात बांधायच्या आणि बरोबर तिथूनच पुढे. भेंडी निवडणाऱ्या बायका भेंडी निवडून झाली तरी उठत नसत. मी थक्क होऊन ऐकत राहिले, कारण मी वाचलेलं ते हे नव्हतंच. बिजलीनाथला तुम्ही एक आत्या दिली होती. राक्षसाला मूळव्याध दिली होती, म्हणून तो चिडका. ते चाललं असतं. पण त्या अंकात बिजलीनाथचा मित्र ज्वालामुखीत पडून मेला होता, आणि तुम्ही बायांना सांगितलं, तो सोयरिकीच्या कामानं गावी गेला.

परतीच्या ऑटोत मी विचारलं, आत्याबाई, तो तर मेला ना. तुम्ही म्हणाल्या, मेला असंन तुह्या पुस्तकात.

तेव्हापासून मी बघत आले. पुस्तकात कुणीही मरो, बाजारात कुणी मरायचं नाही. बाप्या असला की सोयरिकीच्या कामाला जायचा, बाई असली की माहेरी जायची. राक्षसाने गिळलेली राजकन्या माहेरी गेली. कड्यावरून ढकललेली जासूस बाई माहेरी गेली. मी म्हणायचे, अहो, राक्षसाच्या पोटातून ती माहेरी जाईल कशी? तुम्ही म्हणायच्या, जाणारी जाते, तिले रस्ता नाही लागत. लिहिलंय तसं सांगा, असं मी किती वेळा म्हटलं असेल. पालथ्या घड्यावर पाणी. वर कॉमिकवाले फितूर होऊन तुमच्या बाजूला जाऊन बसायचे. तो ज्वालामुखीतला मित्र वर्षभराने खरंच परत आला, केस तेवढे जळालेले. तुम्ही त्या दिवशी मला काही बोलल्या नाहीत. नुसतं गंगाबाईला सांगितलं, "आला बाप्पा सोयरीक जमवून." आणि माझ्याकडे बघून सांभाराची जुडी झटकली.

तुमचं स्वतःचं माहेर रोहिणखेडचं. मोताळ्यापुढचं, म्हणजे काही सातासमुद्रापार नाही. तिथल्या जुन्या मशिदीमागच्या बोरी, त्या बोरांची चव, तुमची मैत्रीण आणि तुम्ही ओटीत भरून आणलेली बोरं, हे मला इतक्यांदा ऐकायला मिळालं की त्या बोरी मी न बघता ओळखीन. दर आखाजीला, लेकी माहेरी जायच्या सणाला, तुम्ही जाणार असायच्या. भाचेसुना फोन करायच्या. तुम्ही पिशवीसुद्धा भरायच्या. मग मेथी कापणीला यायची, नाहीतर टमाटे पिकायचे, नाहीतर माझं काही दुखणं निघायचं, आणि पिशवी पुन्हा रिकामी व्हायची. मी म्हणायचे, जाऊन या ना चार दिवस, मी बसते बाजारात. तुम्ही म्हणायच्या, "तू बसशीन, पण सांगशीन काय? सगळे मारून टाकशीन." हसण्यावारी जायचं. आखाजीही जायची.

अलीकडे पुस्तकं मिळायची पद्धत बदलली. स्टँडवरच्या दुकानातलं कॉमिकांचं रॅक गेलं, तिथे आता पाण्याच्या बाटल्या आहेत. आपण मोबाइलवरून मागवायला लागलो. पार्सल गावात येईना, म्हणून पत्ता दिला तो ह्यांच्या मित्राच्या कृषी केंद्राचा. त्यामुळे गेली काही वर्षं आपल्या प्रत्येक कॉमिकला फवारणीच्या औषधाचा वास येतो. तुम्ही पुस्तक आधी नाकाला लावायच्या आणि म्हणायच्या, याले कीड नाही लागत. येणाऱ्या अंकांची मुखपृष्ठं कितीतरी आठवडे आधी मोबाइलवर दिसतात, हा शोध तर तुम्हाला सगळ्यात आवडला. वाट बघायला काहीतरी हातात मिळालं. खाटेवर बसून एकेक चित्र दोन बोटांनी मोठं करायच्या आणि कशाची वाट बघायची, कशाची नाही, ते ठरवून टाकायच्या.

आणि मग बिजलीनाथच्या मालिकेत कजरी मेली.

धरण फुटलं, टपरी वाहून गेली, बिजलीनाथ पोचेपर्यंत उशीर झाला. शेवटच्या चित्रात पाण्यावर तरंगणारी एक चप्पल आणि खाली काळी पट्टी. मी ते पान वाचून दाखवलं. तुम्ही जुडी बांधत होत्या, थांबल्या नाहीत. म्हणाल्या, "चप्पल वाहून गेली म्हणजे बाई मेली का? माह्या दोन चपला पैनगंगेत गेल्या." मी म्हटलं, आत्याबाई, या वेळी खरंच संपलं, तशी काळी पट्टी दिली आहे. "प्रेत दाखवलं का?" नाही दाखवलं. "मंग?"

बाजारात कजरी माहेरी गेली. पुढच्या अंकातही ती आली नाही, तर बाजारात तिचा मुक्काम वाढला, भावजय बाळंत झाली म्हणून. घरी आल्यावर आपली जुंपली. मी म्हटलं, बायांना वेड्यात काढता तुम्ही, कधीतरी कळणारच ना. आणि मेलेल्याला मेला म्हटलं नाही तर त्याच्यासाठी रडायचं कधी? तुम्ही चुलीपुढून म्हणाल्या, रडाले काय लागते, त्याले कोण अडवते, पण बाजार रडाची जागा नाही. या बाया घरून रडूनच येतात.

तुमचा श्वास लागायला लागला आणि आपण बुलढाण्याच्या दवाखान्यात गेलो, तेव्हा एका दुपारी 'राख का दरवाजा'चं मुखपृष्ठ आलं. मी तुम्हाला दाखवलं. जळलेल्या दारापुढे बिजलीनाथ एकटा, तोंड बंद, म्हणजे आत काहीतरी आहे. मागे सगळा धूर. तुम्ही नाकातली नळी सांभाळत चित्र मोठं केलं, फार वेळ बघितलं, आणि धुरावर बोट ठेवलं.

"हे पाय. लुगडं दिसून राह्यलं."

मला नुसता धूर दिसत होता. तसं मी म्हटलं. तुम्ही म्हणाल्या, "काठ पाय ना, काठ. कजरी येऊन राह्यली." मी पुन्हा बघितलं. काठ नव्हता. चटकन हो म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं, असं ह्यांनी नंतर विचारलं. पण आत्याबाई, मी हो म्हटलं असतं तर तुम्हाला लगेच कळलं असतं की डॉक्टर काहीतरी वाईट बोललाय. आपण दोघी एकमेकींना खोटं हो कधी म्हटलं नाही, तेवढ्यावर तर आपलं जमलं. म्हणून मी म्हटलं, धूरच आहे, पुस्तक आलं की बघू. तुम्ही खुशीत आल्या. म्हणाल्या, "पाहू. अन् बाजारात गेली त तिले मारजो नको, सांगून ठेवतो." मी काही कबूल केलं नाही. तुम्ही वाट बघितली आणि डोळे मिटून घेतले. पुस्तक यायच्या आधी तुम्ही गेल्या.

इथे संपलं मागचं.

परवा कृषी केंद्रातून फोन आला. पार्सल घेतलं, तिथेच खताच्या गोणीवर बसून फोडलं. आधी नाकाला लावलं. मग वाचलं. बिजलीनाथ राखेच्या दारातून आत जातो, मोठं युद्ध होतं, तो जिंकतो, आणि शेवटच्या पानावर धरणाखाली नवी टपरी बांधतो. टपरीत कजरीचा फोटो लावतो. फोटोला हार. म्हणजे मेली, आत्याबाई. हार घातल्यावर तुमचंही काही चालत नाही. मुखपृष्ठावरचा धूर नुसता धूरच होता. आपला वाद मी जिंकले. घरी आले तर समोर भिंतीवर तुमचा फोटो, त्यालाही हार, आणि जिंकले म्हणून सांगायला कुणी नाही.

त्या रात्री नीट झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी तुमच्या जागी मी एकटी पहिल्यांदा बसणार होते, आणि बाया विचारणार होत्या. कजरी माहेराहून आली का? तुमच्यासारखं सांगायचं म्हटलं तर मला सांगता येत नाही, माझी जीभच वळत नाही. लिहिलंय तसं सांगायचं म्हटलं तर तुम्ही जपलेली बाई मी पहिल्याच दिवशी मारायची. तुम्ही म्हटलंच होतं, सगळे मारून टाकशीन. सकाळी ऑटोत बसेपर्यंत मी ठरवलं, खरं सांगायचं. मला तेवढंच येतं.

बाजारात तुमच्या जागेवर गंगाबाईने आधीच पाणी मारून ठेवलं होतं. मी पोतं अंथरलं, वांगी मांडली, सांभार पाण्याचा हबका मारून समोर ठेवला. त्या दोघी तुमच्याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. तेरवीला येऊन रडून गेल्या होत्या, आता बाजार होता. गर्दी ओसरली. शकुंतलाने लिंबांचं पोतं सरकवलं, गंगाबाईने मिरची सरकवली. "या हप्त्यात काय आलं?"

मी सांगायला लागले. राखेचं दार, युद्ध, सगळं नीट सांगितलं, क्रमाने, एक शब्द इकडचा तिकडे न करता. शेवटच्या पानावर आले. म्हटलं, अन् कजरी नाही आली. ती मेली, मागेच मेली होती, धरण फुटलं तेव्हा. बिजलीनाथने तिच्या फोटोला हार घातला. आत्याबाई तुम्हाला माहेरी गेली म्हणून सांगत होत्या, पण तसं नव्हतं.

गंगाबाई मिरचीची देठं खुडत होती. मग म्हणाली, "हे आमाले माहीत हाय वं. माह्या नातीनं तवाच मोबाइलवर दाखवलं, ते चप्पल अन् सगळं. पह्यल्यापासूनच माहीत राह्यते, कोण मेलं अन् कोण नाही." देठ खुडून बाजूला टाकलं. "बुढीनं काय सांगतलं असतं, थे सांग."

इतकी वर्षं मला वाटत होतं, तुम्ही त्यांना फसवताय आणि खरं काय ते एकट्या मला ठाऊक आहे. त्यांना सगळं ठाऊक होतं, आणि तरी त्या पोतं सरकवून तुमच्याजवळ येत होत्या. मी सांभाराच्या जुडीवर हबका मारला, गरज नसताना पुन्हा मारला.

तेवढ्यात ती मोताळ्याकडची म्हातारी आली. तीच, डोळे तपासायला कधीमधी बुलढाण्याला येते आणि परत जाताना तुमच्याकडचीच वांगी नेते, हाताने दाबून दाबून. मी बसलेली दिसल्यावर तिने इकडेतिकडे बघितलं. तिला काही माहीत नव्हतं. एका डोळ्याला हिरवी पट्टी होती.

"बुढी काऊन नाही आली आज?"

गंगाबाईचा हात थांबला. शकुंतला माझ्याकडे बघायला लागली. मला खरं तेवढंच येतं, असं सकाळी ठरवून आलेली मी. तोंड उघडलं आणि आपोआप आलं,

"माहेरी गेल्या."

म्हातारी खाली बसली, वांगी दाबायला लागली. तिचा चेहरा एकदम फुलला. "बरं झालं माय. लय दिवसाचं म्हणे, जातो जातो. रोहिणखेडची ना थे? तिथच्या बोरांचं सांगे मले." मी हो म्हटलं. वांगी तोलली, वर दोन जास्तीची टाकली, जशी तुम्ही टाकायच्या. पिशवी घेऊन ती उठली आणि जाता जाता म्हणाली, "आली का सांगजो तिले, मी इचारलं म्हणून."

"सांगते," मी म्हटलं.

ती गर्दीत दिसेनाशी झाली. मग गंगाबाईने पुन्हा मिरची हातात घेतली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "अन् कजरी?"

"ते बी संगच गेली."

"हाव," गंगाबाई म्हणाली. "एकटीले करमलं नसतं." शकुंतलाने पदर तोंडाला लावला, आणि मग आमच्याकडे गिऱ्हाईक आलं.

संध्याकाळी घरी आले. सकाळी व्यापाऱ्याला द्यायच्या मेथीच्या ढिगापुढे हे माझी वाट बघत बसले होते. मला बघून थोडे सरकले, केळीचा सोप ओला करून घेतला आणि म्हणाले, वाच. त्यांच्या जुड्या सैल होतात, आत्याबाई, तुम्हाला पसंत पडल्या नसत्या. पण बांधतात. 'जिनातलं भूत' आलं की आधी त्यांना वाचून दाखवीन, आणि बाजारात सांगताना भुताला एखादी आत्या देता येते का ते बघीन.

बाकी सगळं ठीक आहे. त्या म्हातारीने विचारलं होतं तुम्हाला. सांगते म्हणाले होते, म्हणून सांगितलं.